मिरजेचे तंबोरे आणि दोन कॅमेरे: जुना १२००डी, भाड्याचा आर६ मार्क टू (कामाच्या नोंदी)

४ जानेवारी २०२५, शनिवार

काम ठरलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागीर घराण्याला चोवीस पानांची फोटोपुस्तिका हवी आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून बाहेरगावचं गिऱ्हाईक आधी "बनवतानाचे फोटो पाठवा" म्हणतं आणि मग भाव विचारतं. मला मिळणार पंचवीस हजार, छपाई त्यांची.

माझ्याकडे कॅनन १२००डी आहे. २०१४ चं मॉडेल, १८ मेगापिक्सेल, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८. गेली चार-पाच वर्षं माझे फोटो दुधाळ येतात. काळा रंग काळा दिसतच नाही, राखाडी दिसतो. कॅमेरा म्हातारा झाला असं मी धरून चाललोय, आणि घरात सगळ्यांना तेच सांगून नव्या कॅमेऱ्याच्या कर्जाची जमीन तयार करतोय.

कर्ज काढायच्या आधी कॅननचाच नवा, बिनआरशाचा आर६ मार्क टू चार दिवस भाड्याने आणायचा, हेच काम दोन्हींवर करायचं आणि मग ठरवायचं. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) रोज २,०००, जुन्या लेन्स बसवायचा अडॅप्टर रोज २००. नव्या कॅमेऱ्याची स्वतःची आरएफ लेन्स भाड्याने घेतली असती तर आकडा आणखी फुगला असता, म्हणून माझ्याच लेन्स लावणार.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी बॉडी हातात आली. बॅटरी-कार्डासकट ६७० ग्रॅम. १२००डी ४८० ग्रॅमचा. फरक कागदावर वाटतो त्याहून जास्त जाणवतो, पण पकड इतकी चांगली आहे की तक्रार नाही.

पहिली चूक पहिल्या तासात झाली. अडॅप्टरवर १८-५५ लावली आणि सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन संध्याकाळपर्यंत दीडशे फोटो काढले. घरी मोठे करून बघतो तर जुन्यापेक्षा कमी बारकावे! फाईलची मापं पाहिली: ३७४४ बाय २४९६. म्हणजे साडेनऊ मेगापिक्सेलसुद्धा नाही. १८-५५ ही ईएफ-एस लेन्स, लहान सेन्सरसाठी बनवलेली. ती लावली की फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी आपणहून मधला तुकडा तेवढा कापून घेते. चोवीस मेगापिक्सेलचं भाडं भरून मी नऊचे फोटो काढत होतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काही कळत नाही, कारण तिथे तो तुकडाच पूर्ण चौकट म्हणून दिसतो.

जुन्या किट लेन्सवर नवी बॉडी घ्यायचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या. ५० मिमी ही ईएफ आहे, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठीची, ती पूर्ण चालते. उद्यापासून तीच.

१० जानेवारी, शुक्रवार

कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला भोपळे टांगलेले. हे खायचे नव्हेत, कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. दुसऱ्या भिंतीला तुणाच्या लाकडाच्या दांड्या उभ्या. दारातून उजेड येतो, वर चोकवाली जुनी ट्यूब.

पहिला फरक इथे कळला आणि तो मेगापिक्सेलचा नव्हताच. १२००डी वर ५० मिमी लेन्स ८० सारखी दिसते. चाचा, म्हणजे घराण्यातले जुने कारागीर, आणि अख्खा तंबोरा एका चौकटीत घ्यायचा तर मला मागे सरकत गल्लीत जावं लागत होतं, आणि गल्लीतून मोटारसायकली जात होत्या. आर६ वर तीच लेन्स खरी ५० झाली, खोलीतूनच काम झालं.

दुसरा फरक चाचांनीच काढून दाखवला. ते जवारी काढायला बसले. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने अगदी केसभर घासत जायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सूत सरकवत सरकवत तो घुमारा नेमका कुठे उघडतो ते शोधायचं. सगळं कानावर. मी १२००डीने तीनच फोटो काढले असतील, चाचांनी कानस खाली ठेवली.

"अरे, तुझं ते खटॅक-खटॅक बंद कर की. सूर ऐकू येईना झालाय."

आरसा वर जाऊन खाली आपटतो त्याचा तो आवाज. दहा वर्षांत मला कधी ऐकू आला नव्हता. आर६ इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकला, आवाज शून्य. चाचा पुढचा पाऊण तास मी तिथे आहे हे विसरून गेले. असे फोटो माझ्याकडे आजवर नव्हते. हा झाला आनंद.

रात्री घरी फोटो उघडले. जवळजवळ प्रत्येकावर आडवे काळसर पट्टे.

चूक माझी. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकदम उचलत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. मी हाताची हालचाल थांबवायला शटर १/५०० सेकंद ठेवलं होतं. काही ओळी उजेडात वाचल्या गेल्या, काही अंधारात. २१४ पैकी १९ फोटो वापरण्याजोगे, तेही दाराजवळचे.

११ जानेवारी, शनिवार

पट्ट्यांवर उपाय दोन: शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला ट्यूबच्या झगमगीचा पूर्ण फेरा मिळतो, नाहीतर ट्यूब बंद करायची. आज १/१०० वर काढले. पट्टे गेले. कानशीचा हात थोडा हललेला येतो, पण घासणाऱ्या हातात तेवढी हालचाल शोभते.

बॉडीतल्या स्टॅबिलायझरबद्दल (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) एक गैरसमज होता, तोही फिटला. माझ्या ५० मिमीला स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, तरी बॉडीच्या जोरावर १/८ ला हातात धरून टांगलेल्या भोपळ्यांचा फोटो कडक आला. त्याच १/८ ला चाचांची बोटं म्हणजे धूर. माझा हात स्थिर होतो, त्यांचा नाही.

दुपारचे पाच तास मात्र फुकट गेले. माझ्या लॅपटॉपवर जुनं लाइटरूम ६ आहे, एकदाच पैसे भरून घेतलेलं. आर६ च्या रॉ फाईली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, कच्च्या) सीआर३ प्रकारच्या, त्या ते उघडतच नाही. आधी वाटलं कार्ड बिघडलं. दुसरं कार्ड, दुसरी केबल, शेवटी कॅननचं फुकटचं डिजिटल फोटो प्रोफेशनल उतरवलं. ते उघडतं, पण चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एका फोटोवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत चहा होतो. मग अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर, तोही फुकट; तो या फाईली जुन्या लाइटरूमला उघडतील अशा प्रकारात बदलतो. रात्री रांग लावून झोपायचं, सकाळी फाईली तयार. नव्या बॉडीच्या किमतीत लॅपटॉपची किंमत धरलेली नव्हती, तीही आता वहीत लिहिली.

१२ जानेवारी, रविवार

आज गच्चीवर सरळ सामना लावला. ट्रायपॉड एकच, ५० मिमी एकच, एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, समोर शेजाऱ्यांची न गिलावलेली विटांची भिंत. चौकट सारखी यावी म्हणून १२००डी साठी ट्रायपॉड मागे सरकवला.

सकाळचा पहिला प्रयत्न बाद. दोन्ही कॅमेऱ्यांत पिक्चर स्टाइल (रंग-उठाव ठरवणारी सेटिंग) वेगळी होती आणि एकात उजेड आपोआप सावरायचा पर्याय चालू होता. मी कॅमेरे नव्हे, सेटिंगं तोलत होतो. दुसऱ्यांदा दोन्हीकडे फक्त रॉ, पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा मेळ.

मग जे दिसलं त्यावर विश्वास बसेना. दोन्ही फोटोंत फरक जवळजवळ नाही. सावल्या खेचून उजळल्या की १२००डी मध्ये दाणे आणि बारीक रेघा येतात, आर६ मध्ये स्वच्छ राहतं. बाकी विटांमधला चुना दोन्हीकडे तेवढाच करकरीत. आणि १२००डी चा फोटो दुधाळ नाही! काळं ते काळं.

म्हणजे दुधाळपणा कॅमेऱ्याचा नाहीच. १८-५५ काढली, मागून मोबाईलची बॅटरी मारली आणि पुढून आत पाहिलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. बुरशी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी होतं. कॅमेऱ्याची पिशवी माळ्यावर होती, तिला पाणी शिवलं नाही म्हणून मी निश्चिंत. पण पाणी उतरल्यावर घर महिनाभर ओलं होतं आणि पिशवी तशीच बंद, गोधड्यांच्या ढिगात. तेव्हा सुरू झालेली बुरशी मी पाच वर्षं कॅमेऱ्याच्या नावावर खपवत होतो. ५० मिमी मी पुरानंतर घेतली, म्हणून ती वाचली.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं कर्जाच्या आधी बॅटरी मारलीस."

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी बॉडी परत केली. ती पाठवण्याआधी एक ताप निस्तरला. पांढऱ्या चादरीवर तयार तंबोऱ्याचे फोटो एफ/११ ला काढले होते, त्यात सात काळे ठिपके. कारखान्यात पॉलिश पेपरची धूळ हवेतच असते, आणि मी तिथे बसून लेन्स बदलत होतो. आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा. बंद करताना शटर मिटवून ठेवायचा पर्याय मेनूत आहे, तो मला काल सापडला. ब्लोअर आणला (२५०), पाच ठिपके उडाले, उरलेले दोन फोटोत पुसले. जुन्या कॅमेऱ्याचा माज करू नये. तिथेही तेच केलं तर ठिपके मोजायचं सोडून दिलं. त्याला स्वतःचा सेन्सर झटकून घ्यायची सोयच नाही.

भोपळा कापताना, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) बसवताना, लाखेचं पॉलिश लावताना लेन्स बदलायची असेल तर बाहेर गल्लीत या.

१८–१९ जानेवारी, शनिवार-रविवार

हे पुस्तिकेचं काम नाही, पण तुलना अर्धवट राहिली असती. सांगलीत एका हौशी संघाची एकांकिका, रंगीत तालीम आणि प्रयोग. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून या गावात घरटी एक नट असतो आणि त्याला फोटो हवा असतो. बॉडी दोन दिवस पुन्हा आणली, सोबत ईएफ ७०-२०० एफ/२.८ (रोज ८००). शनिवारी तालमीला लेन्स १२००डी वर, रविवारी प्रयोगाला आर६ वर.

शनिवारी: १२००डी, आयएसओ ३२००, १/१६०, एफ/२.८. नऊ फोकस बिंदू आहेत, पण अंधारात भरवसा एकट्या मधल्याचा. मधल्या बिंदूवर चेहरा धरायचा, बटण अर्धं दाबून चौकट हलवायची, तोवर नट दोन पावलं पुढे. २१२ फोटो, ६१ बरे.

रविवारी: आर६, आयएसओ ६४००, तेच शटर. डोळा ओळखायचं चालू केलं. नट कोपऱ्यात गेला तरी चौकोन डोळ्याला चिकटून. ३८८ फोटो, ३०१ बरे. आयएसओ दुप्पट असून दाणे जुन्याहून कमी.

नव्यानेही एकदा तोंडावर पाडलं. एका प्रवेशात मागच्या पडद्यावर भला मोठा चेहरा रंगवलेला. आर६ त्या चेहऱ्याचा डोळा धरून बसला, पुढे नायिका रडतेय ती धूसर. अकरा फोटो गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रंगमंचावर एलईडी होते, म्हणून पट्ट्यांच्या धास्तीने मेकॅनिकल शटर ठेवलं. त्याचा आवाज होतो, पण १२००डी पेक्षा दबका. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शनिवारी दोनदा मागे वळून पाहिलं होतं; रविवारच्या आजोबांनी एकदाच.

नाटकवाल्यांकडून मानधन म्हणून चहा आणि पॅटिस.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्रिंट काढल्या. १२ बाय १८, चौदा नग, प्रत्येकी ९०. मागे कॅमेऱ्याचं नाव पेन्सिलीने. घरी, शेजारी, लॅबमधल्या मुलाला, सगळ्यांना ओळखायला लावलं. दिवसाच्या फोटोंत कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. आश्चर्य नाही: १२००डी ची फाईल ५१८४ पिक्सेल रुंद, अठरा इंचांवर इंचाला २८८ पडतात, आर६ ची ६०००, इंचाला ३३३. हातात धरून बघताना एवढा फरक डोळ्याला कळत नाही. पुलावरचा तो कापलेला नऊ मेगापिक्सेलवाला मात्र लॅबच्या पोराने लगेच बाजूला काढला.

२६ जानेवारी, रविवार

प्रिंट घेऊन मिरजेला. मनात होतं, चाचा कुठल्या कॅमेऱ्याचा फोटो उचलतात ते बघू.

चाचांनी एकही उचलला नाही. चौदाच्या चौदा गादीवर पसरल्या, चष्मा लावला, दाराशी नेऊन एकेक उजेडात धरली.

"हे पॉलिश आमचं नाही."

मी म्हटलं, "चाचा, तुमच्याच तंबोऱ्याचा फोटो आहे."

"तंबोरा आमचा. रंग आमचा नाही. हितं पिवळा पडलाय, हितं निळा मारतोय. आमची लाख लालसर असती. गिऱ्हाईक हे बघून मागवणार आणि पेटी उघडल्यावर म्हणणार, दुसरंच वाद्य पाठवलं."

खरं होतं. डाव्या बाजूला दाराचा निळसर उजेड, उजव्या बाजूला ट्यूबचा हिरवट, आणि एका कोपऱ्यात पिवळा बल्ब. एकाच भोपळ्यावर तीन रंग. व्हाइट बॅलन्स कुठलाही लावा, एक बाजू बरोबर आली की दुसरी बिघडणार. दोन्ही कॅमेऱ्यांनी ही चूक सारख्याच इमानाने टिपली होती. तीन आठवडे मी दाणे, बिंदू, पिक्सेल मोजत बसलो; आणि ज्याने आयुष्यभर ती लाख चोळली त्याला पहिल्या नजरेत रंग दिसला.

परतीच्या वाटेवर भडंग घेतलं आणि गाडीत बसून सगळं एकट्याने संपवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सगळं. ट्यूब बंद, बल्ब बंद. फक्त दाराचा उजेड, आणि अंधाऱ्या बाजूला ६० रुपयांची थर्माकोलची शीट उभी केली, तिने उजेड परतवला. पहिल्या फोटोत पांढरा कागद धरला, रंग त्यावरून.

उजेड आता इतका कमी की तयार वाद्याला आयएसओ १००, एफ/८, एक सेकंद. पण तंबोरा कुठे पळतोय! ट्रायपॉड, टायमर, १२००डी. भाड्याचा रुपया नाही. सकाळी नऊ ते साडेअकरा हा उजेड स्थिर असतो, नंतर समोरच्या भिंतीवर ऊन येऊन सगळं पिवळं होतं. ते न कळून बारानंतर काढलेले वीस फोटो टाकून दिले.

जवारीचे फोटो नव्याने काढले नाहीत. आवाज न करणारा कॅमेरा आता जवळ नव्हता आणि चाचांची कानस थांबवायची हिंमत माझ्यात नव्हती. ११ तारखेचेच घेतले. त्यात उजेड मिसळलेला होता, म्हणून दाराकडून काढलेले निवडले.

९ फेब्रुवारी, रविवार

नव्या बारा प्रिंट. चाचांनी दारात धरल्या, एक परत केली (खुंट्यांवर चमक जास्त), अकरा ठेवल्या. पुस्तिकेत एकूण चोवीस फोटो: चौदा १२००डी चे, दहा आर६ चे. जवारी, तार छेडणारी बोटं, चाचांचे हसरे-रागीट चेहरे, म्हणजे हलणारं आणि कान लावून केलेलं जेवढं आहे तेवढं नव्याचं. थांबलेलं सगळं जुन्याचं.

हिशोब, ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी: पहिले चार दिवस बॉडी आणि अडॅप्टर ८,८००; नाटकाचे दोन दिवस लेन्ससकट ६,०००; ६४ जीबी कार्ड १,१००; ब्लोअर २५०; थर्माकोल ६०; प्रिंट दोन्ही खेपांच्या २,३४०; जुन्या बाजारातली बुरशी नसलेली १८-५५ लेन्स, बॅटरी मारून पाहून घेतलेली, २,८००. एकूण २१,३५०. पेट्रोल धरलेलं नाही, धरलं तर रडू येईल. पंचवीस हजारांत नाटकाचा खर्च माझ्या हौसेचा, तो कुणाच्या माथी मारता येत नाही.

आर६ घेणार नाही, निदान यंदा तरी. नाटक आणि जवारीसारखी कामं वर्षाला पाच-सहा येतात, तेवढ्याला भाडं परवडतं. लेन्स आता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. गोधड्यांपासून लांब.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चाचांच्या पुतण्याचा फोन. पुस्तिका आवडली, आता जवारी काढतानाचा व्हिडिओ हवा, तंबोऱ्याच्या आवाजासकट. म्हणजे पंखा बंद, ट्यूब बंद, गल्लीतल्या मोटारसायकली बंद. भाडेवाल्याला फोन केला. बॉडी मोकळी आहे, अडॅप्टर शुक्रवारपर्यंत दुसऱ्याकडे गेलाय.